सागाचा भाव विचारत: देवळी, हिंगणघाट आणि आर्वीचा रस्ता

"सागाले आता कोन पुसते? लोकं लोखंडाचे दरवाजे लावून राह्यले," आमच्या बांधावर उभा राहून व्यापारी म्हणाला आणि त्यानं उभ्या झाडांचा उक्ता भाव सांगितला. पातळ-जाड सगळी एकाच भावात, एकदम तोडून न्यायची. माझा नवरा सुधाकर 'हो' म्हणायच्या बेतात होता. पण देवळीजवळचा हा सागाचा तुकडा सासऱ्यांनी लावलेला. सातबाऱ्यावर सुधाकरबरोबर त्याच्या मोठ्या बहिणीचं, कुसुमताईचंही नाव आहे.

ताई नाचणगावला राहते, कपडे शिवते. शेजारच्या पुलगावच्या बाजारात तिला दुकानासाठी गाळा मिळत होता आणि होळीच्या आत अनामत भरायची होती. म्हणजे पैशाची घाई खरी तिलाच. तरी फोनवर तीच म्हणाली, "वैनी, इकाचं तं हायेच. पन पहिले भाव आपन आपल्या डोयानं पाहू."

मग आम्ही दोघीच निघालो.

देवळीहून मी सकाळच्या एसटीनं वर्ध्याला आले. ताई पुलगावहून रेल्वेनं आली. स्टँडवर तर्री-पोहे खाऊन आम्ही हिंगणघाटची बस धरली. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे ही भटकंती खिशाला जड जात नाही. थंडीचे दिवस होते. हिंगणघाट जवळ येऊ लागलं तशा कापसानं फुगलेल्या गाड्या वाढल्या, बस त्यांच्या मागे रांगत राहिली आणि खिडकीतून सरकीचा वास येत राहिला.

गावाच्या कडेला एक आरा मशीन आहे, असं कुणीतरी सांगितलं होतं. पत्ता विचारायची गरजच पडली नाही, करवतीचा आवाज लांबून ऐकू येत होता. मालक म्हातारे गृहस्थ, मफलर गुंडाळून खुर्चीत बसलेले.

"साग कोनाचा हाये?" त्यांनी विचारलं.

"आमचाच," मी म्हणाले.

"मंग घरचे माणसं काऊन नाई आले?"

"झाड माह्या बी नावानं हाये, म्हणून मी आली," ताई म्हणाली. म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि चहा सांगितला.

त्यांनी आमच्यासमोर दोन फळ्या ठेवल्या. एक परदेशातून कंटेनरनं आलेल्या सागाची, फिकट. दुसरी आपल्याकडची, सोनेरी तपकिरी, तिच्यात काळसर रेषा. "याले सीपी साग म्हणतात, जुन्या मध्यप्रांताचा. साध्या घरात आता लोखंडी चौकट चालते, खोटं नाई. पन बंगलेवाले, देवघरवाले हेच मागतात." मी भाव विचारला तर ते हसले. "खोडाची गोलाई सांगा, मंग भाव. पातया झाडाची टेकूची बल्ली होते, तिचा भाव येगया. जाड, सरळ खोडाचा घनफुटाचा भाव त्याच्या कितीतरी वर."

गोलाई आम्हाला दोघींनाही माहीत नव्हती. आम्ही भाव शोधायला निघालो होतो, पण आपल्याकडे काय आहे तेच मोजलं नव्हतं.

बाजार फिरायचा बेत रद्द केला. वर्ध्याच्या स्टँडवर उभ्या उभ्या आलूबोंडा खाल्ला आणि दुपारच्या गाडीनं थेट शेत गाठलं. ताईच्या पिशवीत शिवणाची टेप होतीच. ती छातीच्या उंचीवर खोडाला टेप गुंडाळायची, मी खडूनं खूण करायची. कडेची झाडं उन्हात वाढलेली, भरदार. आतली मात्र एकमेकांना इतकी खेटून की बिचारी नुसतीच उंच गेली होती. सुधाकर बांधावरून पाहत होता. थोड्या वेळानं आला आणि टेपचं दुसरं टोक धरलं.

दुसऱ्या दिवशी पुलगावमार्गे आर्वीची बस. त्या बाजूच्या वनविभागाच्या लाकूड आगारात लिलाव होता. तुम्हालाही जायचं असेल तर तारीख आधी वनविभागाच्या कार्यालयात विचारून ठेवा, नाहीतर नुसत्या ओंडक्यांचं दर्शन घेऊन परत याल. रस्त्यात संत्र्यांचे ढीग लागले. आम्ही पिशवीभर घेतली आणि खात खातच आगाराच्या फाटकातून आत शिरलो.

गोलाईप्रमाणे थप्प्या लावलेल्या. माणसं वाकून ओंडक्यांची टोकं बघत होती, पोकळ आहे का ते ठोकून पाहत होती. बायका आम्ही दोघीच. बोली सुरू झाली आणि एका थप्पीवर दोन जण हट्टाला पेटले. भाव चढत गेला. त्यातला एक चेहरा मला ओळखीचा वाटला. बांधावर उभा राहिलेला तोच आमचा व्यापारी! मी ताईला तो खुणेनं दाखवला.

बोली संपल्यावर ताई सरळ त्याच्यापुढे गेली. "राम राम दादा. सागाले कोनी पुसत नाई ना?"

तो क्षणभर गोरामोरा झाला, मग हसला. "ताई, हे जाड लाकूड हाये. तुमचं अर्धं पातय हाये, तेही खरं सांगून राह्यलो."

"तेच म्हणते मी. मंग जाडाले पातयाच्या भावात काऊन मागून राह्यले?"

तो फाटकाकडे वळला. पण तो म्हणाला ते खोटं नव्हतं, आणि हे ताईला माझ्याआधी कळलं होतं.  परतीच्या बसमध्ये पुलगाव आल्यावर ती म्हणाली, "पातय, वाकडं इकू. सरळ ठेवू, अजून जाड होऊ दे."

"आणि गाळा?"

"अनामतीपुरते येतीन. नवी शिलाई मशीन मंग घेईन. जुनी काई मेली नाई अजून."

घरी सुधाकरनं खूप वाद घातला. एकदाच विकून मोकळं व्हावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. ताईनं त्याला पुन्हा त्या झाडांत नेलं आणि कडेचं एक खोड कवेत धरायला लावलं. हाताला हात लागेना. तो म्हणाला, "बरं, तू म्हणतेस तसं."

मालकीच्या झाडांनाही तोडीची परवानगी लागते आणि नेताना वाहतूक पास. त्यासाठी चकरा मारल्या, त्या सगळ्या आम्ही दोघींनीच. निवडक पातळ झाडं शेवटी हिंगणघाटच्या आरा मशीनवाल्यांनी घेतली. होळीच्या आधी अनामत भरली गेली. ताईचं दुकान जुन्या मशीनवर सुरू झालं. उरलेल्या झाडांमध्ये आता जमिनीपर्यंत ऊन पोचतं.

गाडीभाडं, पोहे, संत्री धरूनही या प्रवासाचा खर्च एका वाकड्या बल्लीइतका झाला नसेल. तालुक्यात बातमी पसरली आणि आता बांधावर साग असलेली माणसं ताईच्या दुकानात येऊन भाव विचारतात. ती कापडावरून नजर न उचलता सांगते, "आर्वीची गाडी सकाऊन हाये. पहिले झाडं मोजजो, मंग सोता जाऊन पाहून येजो."