समोरच्या ओसरीवरचं गाठोडं

आमच्या सासरी माणूस घरातून निघायच्या आधीच निघालेला असे. हे मला लग्नानंतर कळलं. प्रवासाचा मुहूर्त एका दिवशी असायचा आणि प्रत्यक्ष निघणं दुसऱ्याच दिवशी जमायचं. मग मुहूर्त साधायला एक गाठोडं बांधून शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. त्यात सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि जाणाऱ्याचं एखादं वस्त्र. याला म्हणायचं प्रस्थान ठेवणं. गाठोडं उंबरठ्याबाहेर पडलं की शास्त्राप्रमाणे माणूस प्रवासाला लागला. मग तो घरात आणखी चार दिवस जेवो, झोपो, काहीही करो. गाठोडं मात्र परत घरात आणायचं नाही. जाताना वाटेत उचलायचं आणि तसंच पुढे जायचं.

माझं माहेर संगमनेरचं. आम्ही गावाला निघालो की पिशवी उचलायचो आणि मोटार गाठायचो. त्यामुळे मला या प्रकाराचं हसू यायचं. पण घरात मामंजींसमोर हसायची सोय नव्हती. माझे सासरे गावातले नावाजलेले ज्योतिषी. त्यांच्या पंचांगाला विचारल्याशिवाय आमच्या घरात लोणच्याची बरणीसुद्धा उघडत नसे.

लढाई नुकतीच संपली होती. रॉकेलला आणि कापडाला अजून रेशन होतं, आणि गाड्या घरी परतणाऱ्या शिपायांनी भरभरून वाहत होत्या. हे श्रीगोंद्याच्या शाळेत शिकवत होते. दिवाळीनंतर ग्वाल्हेरहून त्यांना एका शाळेत संस्कृत शिकवायचं बोलावणं आलं. तिकडे आपल्या लोकांची वस्ती पुष्कळ, पगार बरा, राहायला शाळेचीच खोली. आणि त्याच निरोपात एक ओळ अशी होती की बालवर्गाला बाई हवी आहे, मास्तरांच्या मंडळी शिकलेल्या असतील तर त्यांनाच ते काम देता येईल. फक्त दोघांनी बरोबरच रुजू व्हावं, कारण वर्ग फार दिवस मोकळा ठेवता येणार नाही.

मी फायनल, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा, पास होते. लग्नाआधी वर्षभर मुलींना शिकवलंही होतं. सासरी आल्यापासून माझी फायनल ट्रंकेच्या तळाशी पडून होती. ती ओळ ऐकली आणि माझ्या पायाला भिंगरी लागली. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. ग्वाल्हेरच्या पोरांना मी स्वप्नात नव्हे, जागेपणीच बाराखडी शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी जेवताना मामंजींनी निकाल दिला. "आधी त्याने जावं. जागा बघावी, हवापाणी बघावं. सूनबाईंना मागून पाठवू. आता पौष लागेल, पौषात पाठवणी करत नाहीत. माघात थंडी फार. चैत्रात बघू."

नाही म्हणायची ही आमच्या घरची पद्धत होती. कोणी नाही म्हणायचंच नाही, फक्त महिने मोजायचे. मी यांच्याकडे पाहिलं. हे ताकभातात मीठ कालवत होते. आधीच घातलेलं असूनही पुन्हा कालवत होते. ओटीवर मी यांना एकटं गाठलं तेव्हा म्हणाले, "बघू."

"काय बघू? वर्ग कोणी दुसरीच बाई घेऊन बसेल."

"बाबांना समजावतो."

"कधी? चैत्रात?"

ते हसले. माझ्या रागावर हसायची त्यांना वाईट खोड होती. माणूस सोन्यासारखा, पण बापासमोर उभा राहिला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. तेव्हा मला त्यांचा इतका संताप यायचा की हातातली वस्तू आदळून ठेवल्याशिवाय करमत नसे. त्या महिन्यात आमच्या घरातल्या सगळ्या पितळी भांड्यांना पोचे आले.

तयारी सुरू झाली. हे पुस्तकं ट्रंकेत भरायचे आणि एखादं आठवलं की सगळी पुन्हा बाहेर काढायचे. वळकटी तर रोज बांधून रोज सोडायचे. मी आणि सासूबाई चुलीपुढे. मेतकूट, भाजणी, सांडगे, लिंबाचं लोणचं. सासूबाई म्हणजे कमी बोलणारं माणूस. दिवसाला जेमतेम दहा वाक्यं, त्यातली पाच स्वयंपाकाची. भाजणी भाजताना मला म्हणाल्या, "आणखी घाल."

"एकट्या माणसाला एवढी कशाला?"

"पुरवून पुरवून खाईल. घाल."

मी घातली. दात-ओठ खात घातली. ज्या नवऱ्याबरोबर मला जाऊ देत नाहीत, त्याच्यासाठी वर्षाची भाजणी मीच भाजायची, हा कुठला न्याय! लोणच्याच्याही दोन बरण्या भरल्या. मी म्हटलं, एक पुरे. त्यांनी दुसरीच्या तोंडालाही फडकं बांधलं.

संध्याकाळी मामंजी मुलाला प्रवासाच्या गोष्टी सांगत बसत. तरुणपणी ते ज्योतिष शिकायला काशीला जाऊन राहिले होते. तिथले घाट, तिथली रबडी, गुरूंच्या घरचे वाद, सगळं अगदी कालच घडल्यासारखं सांगायचे. "कुठेही जा, पळसाला पानं तीनच," असा शेवट करायचे, पण त्यांच्या डोळ्यांत तेव्हा जी चमक यायची ती काही वेगळंच सांगत असे. एकदा मी सासूबाईंना विचारलं, "मामंजी काशीला होते तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"इथेच," त्या म्हणाल्या आणि सूप उचलून तांदूळ पाखडायला लागल्या.

मुहूर्त निघाला सोमवारी सकाळचा. शाळेतून मोकळं व्हायला मात्र गुरुवार उजाडणार होता. म्हणजे प्रस्थान ठेवणं आलंच. सोमवारी मामंजी आंघोळ करून सोवळ्यात उभे, हे पाटावर बसलेले, आणि मुहूर्ताची वेळ अगदी टेकली तरी गाठोडं तयार नाही. "झालं का?" मामंजी ओरडले. सासूबाई देवघराच्या कोपऱ्यातून ते घेऊन आल्या. यांच्या उपरण्यात घट्ट बांधलेलं, दोन गाठी मारलेलं. मामंजींनी ते स्वतःच्या हाताने रस्त्यापलीकडे वैद्यबुवांच्या ओसरीवर नेऊन ठेवलं. परत येऊन म्हणाले, "आता हा निघाला. घरात रडारड नको, भांडण नको, प्रवासाला गालबोट लागतं."

म्हणजे माझं तोंडही बंद झालं. आतापर्यंत निदान भांडायची सोय होती.

ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. हे घरात वावरत होते, पण सगळे त्यांच्याशी पाहुण्यासारखे वागत होते. त्यांना वाढताना मला वाटायचं, हा माणूस गेलेला आहे, मी त्याच्या रिकाम्या पाटापुढे वाढते आहे. बसलं तर उठावंसं वाटे, उठलं तर कुठे जावं ते कळेना. पाणी भरलेलं असलं तरी कळशी उपडी करून पुन्हा आणायला जायची. जाता-येता ओसरीवरचं ते गाठोडं दिसायचं. खुंटीखाली, वैद्यबुवांच्या काढ्याच्या भांड्यांशेजारी. एवढंसं गाठोडं, पण ते ग्वाल्हेरला निघालं होतं आणि मी नव्हते. गाठोड्याचा हेवा करणारी बाई जगात मी एकटीच असेन.

त्यातच माझा करंडा सापडेना. आईने लग्नात दिलेला पितळी करंडा, एका कप्प्यात कुंकू, एकात मेण, झाकणात आरसा. मी फडताळ उपसलं, ट्रंक उपसली, देवघरात हात घालून पाहिलं. सासूबाईंना विचारलं.

"असेल कुठेतरी. माझ्यातलं लाव."

"पण गेला कुठे?"

"उतावळेपणा करू नकोस. करंड्याला काही पाय नाहीत."

मी त्यांच्यातलं कुंकू लावलं. मला वाटलं, आता एकेक करून माझं सगळंच जाणार. आधी नवरा, मग वर्ग, मग करंडा. मोरीत जाऊन, भांड्यांच्या आवाजात, मी भरपूर रडले. गालबोट लागायचं तर लागो, म्हटलं.

शुक्रवारी सकाळी बैलगाडी आली. स्टेशन गावापासून लांब, दुपारची गाडी गाठायची होती. मनमाडला बदलायचं, मग पुढे भुसावळ, इटारसी, झाशी. ही नावं मी जपासारखी पाठ केली होती. गाडीवानाने ट्रंक चढवली, वळकट्या चढवल्या, भाजणीचे डबे चढवले.

"मास्तर, लई सामान हाय. आख्खं घर घिऊन चाललाय जनू," तो म्हणाला.

यांनी ट्रंकेचं कुलूप पुन्हा ओढून पाहिलं. घराबाहेर पडताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. मी मनात म्हटलं, आता तरी तोंड उघड. त्यांनी जोडा पायात सरकवला.

गाडी वैद्यबुवांच्या दारात थांबली. प्रस्थान उचलायला आम्ही सगळे रस्ता ओलांडून गेलो. वैद्यबुवांनी गाठोडं आणून दिलं आणि त्यातून तांदळाची धार लागली.

"उंदीर," वैद्यबुवा ओशाळून म्हणाले. "माझं घर औषधांनी भरलंय, पण मेल्यांना तांदूळच आवडतो."

कोपरा कुरतडला होता. तांदूळ सांडत न्यायचे म्हणजे अशुभच. मामंजींनी ओसरीवर बसून गाठी सोडल्या. सुपारी निघाली, हळकुंड निघालं, तांदूळ निघाले. आणि त्या तांदळांत माझा करंडा.

मी तोंडावर हात ठेवला.

"हा कुणी घातला यात?" मामंजींनी विचारलं.

"मीच घातला असेल," सासूबाई म्हणाल्या. "इकडून घाई चालली होती. हाताला लागलं ते बांधलं."

"हाताला लागलं? सुनेचा करंडा?"

"आता काय करायचं?" सासूबाईंनी विचारलं. आवाज नेहमीचाच, भाजीत मीठ किती घालू असं विचारावं तसा. "घरी घेऊन जाऊ परत?"

मामंजी बोटांच्या पेरांवर काही मोजू लागले. इतकी वर्षं गावाला मुहूर्त सांगत आलेला माणूस. ठेवलेलं प्रस्थान परत फिरवायचं नाही, हे त्यांच्याच तोंडून पंचक्रोशीने ऐकलेलं. आणि तेही सवाष्णीचं कुंकू. वैद्यबुवांनी खाकरून म्हटलं, "करंडा मुहूर्तावर बाहेर पडला, म्हणजे सूनबाई सोमवारीच निघाल्या म्हणायच्या. माघारी कशा नेणार?"

मामंजींचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. राग होता, पण रागावायचं कोणावर ते सापडत नव्हतं. शेवटी म्हणाले, "मग काय! लुगडी तरी भरली पाहिजेत तिची."

"भरलीत," सासूबाई म्हणाल्या. "भाजणीच्या डब्याखालची वळकटी तिचीच आहे."

हे तेव्हा मोठ्याने हसले. बापासमोर इतक्या मोठ्याने हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मामंजी उठले आणि गाडीच्या बैलांकडे बघत उभे राहिले.

मला वाटलं होतं, अशी वेळ आली तर मी उडी मारून गाडीत बसेन. महिनाभर माझा जीव त्यासाठीच तडफडत होता. आणि आता पाय उचलेना. भाजणी, दोन बरण्या, माझी लुगडी, सगळं मला एकदम कळलं, आणि या बाईशी मी महिनाभर भांडी आपटून बोलत होते तेही. सासूबाईंनी घरून आणलेल्या वाटीतलं दही माझ्या हातावर घातलं. मी वाकून नमस्कार केला. मला उठवताना त्या कानाशी म्हणाल्या, "करंडा जपून ने. मलाही चैत्रात नेणार होते. काशीला."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी करंडा माझ्या कमरेला खोचला, अगदी घट्ट.

"आवो वैनी, बसा आता. गाडी काय आपल्यासाटी थांबायची न्हाई," गाडीवान म्हणाला.

मी चढले. हे माझ्याशेजारी बसले. बैल चालायला लागले तेव्हा सासूबाई मागून म्हणाल्या, "मागे बघू नकोस गं. प्रस्थान ठेवलेल्याने मागे बघायचं नसतं."

असा नियम मला पुढे कुठल्याही पंचांगात सापडला नाही. मामंजींना विचारलं तेव्हा तेही म्हणाले, असं काही नाही. पण त्या दिवशी मला ते ठाऊक नव्हतं. गाव संपून स्टेशनचा रस्ता लागेपर्यंत मी बैलांच्या शिंगांकडे बघत बसले आणि मागे उभ्या सासूबाईंचा चेहरा मी पाहिला नाही.