तळ्याकाठची बैठक

बायकोने मला फिनलंडला पाठवलं ते नकार द्यायला. तिचा गुडघा विमानप्रवासाला राजी नव्हता, म्हणून ही कामगिरी माझ्या गळ्यात. "गोड बोलून मोडून या," एवढंच सांगून तिने चिवड्याची पाकिटं बॅगेत कोंबली. लेक तिकडे नोकरीला गेली आणि तिथलाच एक मुलगा पसंत करून बसली. त्याच्या आईवडिलांकडे चार दिवस राहायचं, हे लग्न जमणार नाही असं सांगायचं आणि परत यायचं. कारण आमच्याकडे एकच होतं: पोरगी कायमची लांब जाईल.

गाव तळ्याकाठचं. ते त्याला शहर म्हणतात, म्हणून आपणही म्हणायचं. आमच्याकडे हरसूलच्या बाजारात टोमॅटोच्या एका पाटीभोवती असतात तेवढी माणसं तिथल्या अख्ख्या चौकात नव्हती. बसथांब्यावर तिघं उभे, पण मधे एकेक म्हैस आरामात मावेल एवढं अंतर. मला वाटलं, भांडलेत. लेक म्हणाली, "बाबा, इथे असंच उभे राहतात." हॉर्न नाही, भोंगा नाही. कुत्रीसुद्धा विचार करून भुंकतात. आमच्या इंदिरानगरात सकाळी भाजीवाला ओरडला नाही तर मला उठल्यासारखं वाटत नाही. इथे मी चारही दिवस अर्धवट झोपेतच होतो.

आणि आमचे व्याही! म्हणजे न होणारे. उंच, गोरेपान, तोंडाला कुलूप. इंग्रजी येत होतं, पण वापरलं तर झिजेल अशी धास्ती असावी. मी म्हटलं, "तुमचं तळं फार सुंदर आहे." ते म्हणाले, "हो." झालं, संपलं! आमच्याकडे एवढ्या वाक्यावर माणूस गोदावरीपासून निघून महापालिकेला शिव्या देऊन परत येतो. विहीणबाई नुसती कॉफी ओतत. कॉफी, वेलदोड्याचा गोड पाव, पुन्हा कॉफी. लग्नाचा विषय काही कोणी काढेना. विषयच निघाला नाही तर मी मोडणार तरी काय?

आता मुलाकडचे गप्प बसले की त्याचा अर्थ काय, हे मला कोणी शिकवायला नको. पोहे हाणायचे, "कळवतो" म्हणायचं आणि कळवायचंच नाही. माझ्या बहिणीच्या वेळी अशी कितीतरी घरं पाहिली आहेत. म्हणजे यांनाच माझी पोर पसंत नाही! खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. काम आपोआप झालं होतं. पण माझं टाळकंच सटकलं. नकार द्यायला मी आलोय, आणि हे कोण टिकोजीराव मला नकार देणार?

शेवटच्या संध्याकाळी सगळे तळ्याच्या लाकडी धक्क्यावर बसलो होतो. राग आला की माझं इंग्रजी झकास होतं. म्हटलं, "माझी मुलगी लाखात एक आहे. माझ्या ऑपरेशनला इथून धावत आली, दवाखान्यातल्या खुर्चीत झोपली. तुमच्या इथल्या हिवाळ्यात एकटीने घर उभं केलं तिने, कोणापुढे हात पसरला नाही. दिवा घेऊन शोधलंत तरी अशी सून मिळायची नाही तुम्हाला. तिच्यात काय कमी आहे, ते सांगा!"

लेक "बाबा, बाबा" करत राहिली. व्याह्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"काहीच कमी नाही," ते म्हणाले. "मुलगी तुमची. आधी तुम्ही बोलावं म्हणून आम्ही थांबलो होतो. आम्हाला ती द्यायला तुम्ही तयार आहात, याचा आनंद आहे." आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. विहीणबाई डोळे पुसत कॉफी आणायला उठल्या.

मोडायला आलेला बाप स्वतःच्या तोंडाने मुलगी देऊन बसला होता.

बाजूला जाऊन घरी फोन लावला. "मोडलंत ना?" बायकोने पहिलं तेच विचारलं.

"नाही गं. जमवून बसलो."

आता माझा उद्धार होणार म्हणून मी फोन कानापासून जरा लांबच धरला. पण ती हळूच म्हणाली, "कशी दिसते हो ती तिथे?"

मी वळून पाहिलं. लेक पाण्यात पाय सोडून त्या मुलाशी तिकडच्या भाषेत भराभरा काहीतरी बोलत होती, हसत होती. मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं.

"घरी असल्यासारखी," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं.