चहाच्या डब्यातली सुई

जपानमधल्या कुरुमे गावच्या बाजारामागच्या बोळात 'तोमोशिबी' नावाचं कॉफीचं दुकान आहे. तिथे कॉफी प्यायची, जॅझच्या तबकड्या ऐकायच्या आणि तबकडी फिरत असेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. कोणी बोललंच, तर मालक शिगेओ तोकुनागा नुसता वळून बघतो. सगळे त्याला मास्टर म्हणतात. नियम मास्टरलाही लागू. त्या वसंतात त्याला शिव्या द्यायच्या असल्या, तरी आधी तो तबकडीवरून सुई उचलायचा आणि मगच तोंड सोडायचा.

भांडण त्या सुईशीच होतं. तबकडीवर फिरणाऱ्या दांडीच्या टोकाचं, दुकान उघडलं तेव्हाचं कार्ट्रिज अजून ठणठणीत होतं, पण त्यात बसते ती सुई झिजली होती, आणि बनवणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली होती. आता मिळायच्या त्या इतरांनी केलेल्या, 'अगदी मूळच्यासारख्या'. त्या 'सारख्या'वर मास्टरचा भारी राग. सारखं म्हणजे तेच नव्हे, एवढंही लोकांना कळू नये?

पांढरी सुई फुकुओकाहून आणली. तिने गाणाऱ्या बाईचा प्रत्येक 'स' फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडवला. लाल सुई ओसाकाहून टपालाने आली, तिने पियानोवर जाड रजई टाकली. तपकिरी सगळ्यात स्वस्त. ती सुरुवातीला इतकी बरी वाजली, की मास्टरने श्वास रोखून ऐकलं. पण सुई तबकडीच्या मध्याकडे, शेवटच्या गाण्यावर आली आणि सगळा बारीक आवाज फाटला. मास्टरने सुई उचलली.

"आग लागो या सुयांना!"

"मला तर तिन्ही सारख्याच वाटतात, मास्टर," कोपऱ्यातून ओगाता-सान म्हणाले. ते निवृत्त टॅक्सीवाले आणि रोजचं गिऱ्हाईक.

"तुमचे कान हॉर्नने गेलेत, ओगाता-सान."

"कान गेले, पण जीभ शाबूत आहे. कॉफी थंड झालीय, ती बदला."

इतरांच्या मताला मास्टर भीक घालत नसे. निकाल द्यायचा फुमिएने, त्याच्या बायकोने. गल्ल्यामागे उभं राहून कॉफी गाळता गाळता तिने उभा जन्म या तबकड्या ऐकल्या होत्या. थंडीत ती डॉक्टरकडे जाऊन आली आणि मुळा महागल्याचं सांगावं तसं म्हणाली, "माझे कान जाणार म्हणे. बारीक, उंच आवाज आधी, मग बाकीचे."

 आणि पुढे म्हणाली, "अहो, उद्घाटनाला लावलेली ती तबकडी. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. ड्रमवाला तारांचे ब्रश ड्रमवर फिरवतो ना, ते मला एकदा नीट ऐकायचेत. तेव्हा ऐकू यायचे तसे."

एवढंच मागणं. मूळची एक कोरी सुई घरात होतीही. कंपनी बंद पडते आहे कळलं, तेव्हा मास्टरने घाईघाईने घेतलेली, पितरांच्या देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, चहाच्या डब्यात. तोकुनागांच्या घरची रीतच ती: चांगली वस्तू आली की कागदात गुंडाळायची आणि आत टाकायची. लग्नात आलेल्या लाखेच्या वाट्यांना अजून सूप लागलेलं नाही.

"चहाच्या डब्यातली लावा की," फुमिए म्हणाली.

"ती दुकानाच्या शेवटच्या दिवसासाठी आहे."

"दुकान माझ्या कानांआधी बंद होणार आहे का?"

"थांब गं जरा. हिच्या तोडीची दुसरी शोधतो."

ती थांबली. थांबायची तिला सवय होती, आणि थांबवायची त्याला. पांढरी झाली, लाल झाली. डॉक्टर वर्ष-दोन वर्षं म्हणाले होते, पण कानांनी डॉक्टरांचं ऐकलं नाही.

जूनमध्ये एका दुपारी मास्टरने आवाज फाटू नये म्हणून तपकिरी सुईवर वजन थोडं वाढवून उद्घाटनाच्या तबकडीची तीच दुसरी बाजू पुन्हा लावली. गाणं संपलं. ब्रश फाटले होते, पण चांगले मोठ्याने वाजले होते.

"बरं होतं," फुमिए म्हणाली. "पण ब्रश काही आले नाहीत."

 मास्टरने उठून दारावरची पाटी उलटी केली आणि घरातून चहाचा डबा आणला.  सुई बसवली, तबकडीवर टेकवली. कर्कश खरवडल्यासारखा आवाज झाला आणि सुई उडी मारून पार पलीकडे घसरली. पुन्हा टेकवली, पुन्हा तेच.

त्याने भिंग लावलं. टोकाचा हिरा लखलखीत होता. पण सुईच्या मुळाशी तिला हलू देणारं रबराचं इवलंसं कडं असतं, ते वाळलेल्या वाटाण्यासारखं टणक झालं होतं.

रबर! दुकान काढण्याआधी मास्टर याच गावात रबरी बुटांच्या कारखान्यात तपासणीला होता. खोक्यात पडून राहिलेले कोरे बूट तो हाताने वाकवायचा, कड्‌कन चीर गेली की फेकायचा आणि नव्या कामगारांना ऐकवायचा: रबर वापरलं तर टिकतं, ठेवलं तर मरतं.

"गाढव!" त्याने टेबलावर मूठ आपटली. "मीच शिकवायचो हे! अख्ख्या कारखान्याला मी शिकवायचो!"

"त्यापेक्षा डब्यात चहा ठेवला असतात, तर प्यायलो तरी असतो," फुमिए म्हणाली.

तो खाली बसला. "तू मागितलीस तेव्हाच लावायला हवी होती."

"हवी होती." तिने त्याची समजूत काढली नाही. मग म्हणाली, "तपकिरी लावा."

"तिच्यात ब्रश फाटतात गं."

"फाटू देत. कुठे येतात तेवढं सांगा. बाकीचं आठवतं मला."

त्याने तपकिरी सुई लावली आणि तिच्या शेजारी येऊन बसला. पियानो आला, बास आला. फुमिएने डोळे मिटले. शेवटचं गाणं सुरू झालं आणि ड्रमवाल्याने ब्रश उचलले. 'तोमोशिबी'त तबकडी फिरत असताना मास्टर आजवर कधी बोलला नव्हता.

"आले," तो म्हणाला. तिचे डोळे तसेच मिटलेले. मग तो तिच्या कानाशी वाकला आणि मोठ्याने म्हणाला, "आले गं, आले!"