आईनं लपवलेला काढा

आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तशी मी अकोल्यात फाइल तयार केली. रिपोर्ट तारखेनुसार, गोळ्यांची यादी, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. चार दिवस उरले असताना अमरावतीहून ताईचा फोन आला, "आधी आईले मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेले नेऊ." दगदग, गर्दी, संसर्ग अशी तीन कारणं मी लगेच सांगितली. ताई म्हणाली, "तुयं बराबर आहे. पन आईले भेव वाटून राह्यलं, ते कोन्त्या कागदावर लिहिलं तू?" मी आईची पिशवी भरली. गेलो खरे, पण माझ्या मनात श्रद्धा नव्हती, चिडच होती, हे कबूल करते.

सायंकाळची प्रार्थना संपली. शेजारच्या वयस्क बाईंनी आईचा हात हातात घेतला. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होते, म्हणाल्या. मी यादी पुढे केली. त्यांनी ती नीट वाचली आणि आईलाच विचारलं, "अन् माय, याच्याशिवाय काय घेता?"

आईनं माझ्याकडे चोरून पाहिलं. "गुडघ्यासाठी काढा घेतो जी, दोन महिने झाले. हे पोरगी हसते म्हनून देवघरात लपवून ठेवतो."

"डॉक्टरले आजच सांगा. काही काढ्यानं रक्त पातळ होते."

मी तिथूनच फोन लावला. डॉक्टरांनी काढा बंद करायला सांगून ऑपरेशन पुढे ढकललं. कळलं नसतं तर रक्तस्राव आवरणं कठीण गेलं असतं, म्हणाले.

ताईच्या मते त्या बाईंना देवानं धाडलं. माझं मन म्हणतं, अनुभवी नर्स, योग्य प्रश्न. ताई 'कोणी पाठवलं' इथून विचार सुरू करते, मी 'काय विचारलं' इथून. एरवी मी वाद घातला असता. पण एका घरात राहून दोन महिने आईला माझ्याशी बोलता आलं नाही, ते माझ्याच हसण्यामुळे. त्या बाई हसल्या नाहीत. कृपा म्हणतात ती मला तिथे दिसली.

ऑपरेशनच्या दिवशी आईला आत नेलं तेव्हा माझ्या हाती करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ताई डोळे मिटून पुटपुटत होती. मी तिच्या शेजारी हात जोडून बसले. काय मागायचं तेही ठरवलं नाही.

आई आज आमच्यात आहे. त्या बाईंचं नाव विचारायचं राहून गेलं. आता हात जोडून डोळे मिटले की त्यांचाच चेहरा समोर येतो आणि डोकं आपसूक झुकतं.