पुरासाठी ठेवलेलं पेट्रोल

आमचं गाव पंचगंगेच्या काठावर आहे आणि घर गावाच्या खालच्या अंगाला. वडील गेल्यापासून तिथे आई एकटीच असते. मी कोल्हापुरात इतर मुलांबरोबर खोली घेऊन बी.एस्सी. करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पाणी चढलं की आईला बाहेर काढायला एकच साधन आहे, गावाची इंजिनाची बोट. ती माझे चुलते चालवतात. पूर्वी मदतीला तरुण मंडळाची पोरं असायची, ती आता शिरोली एमआयडीसीत नाहीतर पुण्याला कामाला आहेत.

मे महिन्यात सुट्टीला गेलो तेव्हा इंजिन सुरू होईना. चुलते दोरी ओढून घामाघूम झाले. एकदोनदा खोकल्यासारखा आवाज आला, मग तोही थांबला. मी टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरलं. तळाशी पाण्यासारखा वेगळा थर बसला होता. वाससुद्धा जुन्या वार्निशसारखा येत होता.

हे पेट्रोल मागच्या पावसाळ्यातलं. खंडेनवमीला इंजिनाची पूजा झाली, हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली. पुजलेल्या यंत्राची टाकी रिकामी करायची नाही, म्हणून उरलेलं अर्धी टाकी पेट्रोल तसंच राहिलं. दुसऱ्या गावात असं करतात का, मला माहीत नाही. आमच्याकडे करतात.

मी चाचरतच सांगितलं, की आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकी अर्धी असली की आत हवाही जास्त.

"इथेनॉल म्हंजे काय?"

"उसाच्या मळीपासून करतात. एक प्रकारची दारूच."

"मग असं म्हन की. आपल्याच उसाची दारू पिऊन पडलंय बेणं."

"टाकी रिकामी करूया?"

"पुजलेलं हाय. रिकामी करत न्हाईत."

मी बाटलीचं झाकण लावलं. चुलत्यांशी वाद घालायची आमच्यात पद्धत नाही, आणि मलाही कुठे पूर्ण खात्री होती? पण खालच्या अंगाचं घर डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि म्हटलं, "देवाम्होरच्या तांब्यातलं पाणी रोज बदलतासा न्हवं? तसं हेबी बदलूया. लगेच नवं भरायचं."

चुलत्यांनी टाकीचं झाकण उघडलं. मग म्हणाले, "व्हय की. काल का न्हाई सुचलं तुला?"

खराब पेट्रोल गॅरेजवाल्याकडे दिलं, त्यानं कार्ब्युरेटर साफ करून दिला, आणि टाकीत लगेच नवं भरलं. पुढचं काम माझ्याकडे आलं. घट्ट झाकणाचा कॅन आणला. तो बोटीच्या शेडमध्ये सावलीच्या कोपऱ्यात, फळीवर ठेवला. वर थोडी जागा सोडून बाकी भरलेला. महिना झाला की टाकीतलं आणि कॅनमधलं पेट्रोल चुलत्यांच्या मोटारसायकलीत ओतायचं आणि दोन्हींत लगेच ताजं भरायचं. मधूनमधून इंजिन बोटीवरून उतरवून पिंपातल्या पाण्यात चालवायचं, मग पेट्रोलची नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचं, म्हणजे आत काही साचत नाही.

खोलीतली मुलं रविवारी रंकाळा तलावावर जायची. मी गावाकडं जातो, एवढंच सांगायचो. इंजिन बंद पडलं की शेडमध्ये फार शांत व्हायचं. भिंतीला मंडळाच्या पोरांची लाइफ जॅकेटं ओळीनं टांगलेली होती, ती घालणारं गावात कुणी उरलं नव्हतं. मी त्यांच्यावरची धूळ पुसायचो. बोलायला कुणी नसलं की हात कशाला तरी लावावासा वाटतो.

जुलैत पाणी आलं तेव्हा मी कोल्हापुरातच अडकलो. रस्ता बंद झाला होता. दुपारी आईचा फोन आला.

"गोठ्यात पानी आलंय. म्हस सकाळीच वर सोडलीया."

"इंजिन लागलं का? सुरू झालं?"

"मला काय कळतंय त्यातलं. तुझा चुलता दोरी वडतोय."

फोनमध्ये पावसाचा आवाज होता. त्यातून चुलत्यांची शिवी ऐकू आली. काय चुकलं असेल, झाकण सैल राहिलं की काय, एवढंच डोक्यात येत होतं. मग एक घरघर आली, अडखळली, आणि सलग झाली.

"ठेवते रं," आई म्हणाली. "बोटीत चढाय दोन्ही हात लागत्यात."

संध्याकाळी ती वरच्या शाळेत पोचल्याचं कळलं. खोलीतली मुलं आदल्या दिवशीच आपापल्या गावी गेली होती. मी दार लावून घेतलं आणि "इंजिन लागलं," असं एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं.