मेंढ्या मोजायच्या नसतात

आमच्या घराण्यात गाव कुणी कधी सोडलं नव्हतं. पूर्वज जिथं बसले तिथंच बसून राहिले. बसण्यात आमचा हात धरणारा अजून जन्मायचा आहे. म्हणून लोणारजवळचं गाव सोडून बायकोच्या माहेरच्या शेतावर, जळगाव जामोदकडं बिऱ्हाड हलवतोय, असं मी जाहीर केलं तेव्हा भाऊबंदांना वाटलं, हा नेहमीसारखा बोलतोय. त्यांचंही खरं आहे. लग्नात, तेराव्यात, जिथं म्हणून पंगत उशिरा बसणार असते तिथं मला गोष्ट सांगायला पुढं करतात. भात शिजेपर्यंत मी चालतो. वरण आलं की माझ्याकडं कुणी बघत नाही.

कारण साधं होतं. बायकोला वडलांमागं सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीचा तुकडा, विहीर आणि दोन खोल्या मिळाल्या होत्या. आमच्या इकडच्या शेतात दरसाल सगळ्यात चांगलं पीक दगडांचं यायचं. ते शेत बटईनं दिलं, पोरं शिकायला बाहेर होतीच. राहता राहिली आई, आणि आईच्या मेंढ्या.

"मी नाही येत," आई म्हणाली. "सुनंच्या माहेरी राहू? लोक म्हणतीन, म्हातारी व्याह्याच्या भाकरीवर बसली."

"अवं, व्याही वारून चार वर्षं झाले!"

"मंग त्याच्या फोटोच्या भाकरीवर बसली म्हणतीन."

तिला एकटीला ठेवणं शक्य नव्हतं. मागच्या हिवाळ्यात ती न्हाणीत घसरून पडली आणि शेजारीण ताक मागायला येईपर्यंत तशीच पडून राहिली. शेजारणीला त्या दिवशी ताक लागलं नसतं तर काय झालं असतं, हे मी मनातल्या मनातही पूर्ण बोलत नाही. आई मात्र त्या प्रसंगाची आठवण काढली की म्हणते, "पडली नव्हती, बसली होती."

शेवटी तिनं अट घातली, तीही घरात नाही. गल्लीत, ओट्यावर, साक्षीदार जमवून. "माह्या साऱ्या मेंढ्या तिथं धडधाकट पोचल्या तं मी राहीन. एक जरी कमी आली, तं दुसऱ्या दिवशीच्या यष्टीनं मी वापस. आन् गाडीत कोंबायच्या नाहीत. गाभण हायेत, गाभ टाकतीन. पायी न्यायच्या."

"पायी कोण नेईल?"

गल्लीतल्या झाडून साऱ्या लोकांनी माझ्याकडं पाहिलं. मी पन्नाशीचा. माझी चाल म्हणजे घरापासून पानटपरीपर्यंत, आणि येताना कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून.

आता मेंढ्या किती, हे सांगायला हवं, आणि तेच सांगता येत नाही. आमच्या घरात मेंढ्या मोजायच्या नसतात. मोजल्या की नजर लागते, हे आईनं तिच्या आईकडून आणलं, मेंढ्यांबरोबरच. कुणी विचारलं "किती हायेत?" की "हायेत देवाच्या दयेनं" एवढंच उत्तर. जनावरं मोजायला सरकारी माणूस आला होता, त्यालाही तिनं हेच सांगितलं. तो बिचारा बराच वेळ पेन वर धरून उभा होता. मी इथंही आकडा लिहीत नाही. आईला वाचता येत नाही, पण वाचून दाखवणारे हलकट नातेवाईक भरपूर आहेत.

म्हणजे एक जरी कमी झाली तर आई वापस, आणि कमी झाली की नाही हे मोजून बघायचं नाही. अशा अटी आमच्याच घरात पडतात आणि आम्हीच त्यांना माना डोलावतो.

वैशाखात घर हललं. एका छोट्या हत्ती टेम्पोत कपाट, पलंग, टोपल्याखाली कोंबड्या, आणि ज्याच्यावर गेली कित्येक वर्षं फक्त मांजर बसत आलंय ते जातं. ते चढवायला चार गडी लागले. "तिकडं गिरणी आहे, आई," असं मी म्हणालो, तर म्हणाली, "गिरणी तुह्या बायकोच्या गावची. जातं माहं हाय." बायकोनं हे ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून जात्याखाली स्वतःचंच जुनं लुगडं अंथरलं, ओरखडे पडू नयेत म्हणून. आई पुढं ड्रायव्हरशेजारी बसली, मांडीवर तिखटामिठाचा डबा. गाडी हलताना तिनं कापल्या कानाच्या मेंढीकडं बोट केलं. "हिच्यावर ध्यान ठेव. बाकीच्या तुह्यापेक्षा हुशार हायेत."

ही मेंढी आईची लाडकी. लहानपणी कुत्र्यानं तिच्या डाव्या कानाचा तुकडा तोडलेला. आई बसली की येऊन तिचा पदर चघळायची. आईचा एकही पदर धड नाही. मुंबईहून आणलेली साडीसुद्धा पहिल्याच आठवड्यात त्या मेंढीनं पसंत केली.

माझ्यासोबत माझा शाळेपासूनचा मित्र निघाला. त्याचं गावात पंक्चरचं दुकान. मुसलमान गल्लीतला, पण आमच्या घरी लहानपणापासून पडीक. आईनं आम्हा दोघांना एकाच काठीनं मारलेलं. "मी काऊन येऊन राह्यलो सांगू का बे?" तो म्हणाला. "तू चालताना कसा दिसतं ते मले पाह्यचं हाय."

ते त्याला पोटभर पाहायला मिळालं. पहिल्याच दिवशी मेंढ्या पुढं, तो मधे आणि मी मागं. म्हणजे हाकणारा मी की हाकलला जाणारा मी, हे वाटेतल्या लोकांना कळेना. हिवरा आश्रमाच्या आधी एक मोटार थांबली, त्यातून गॉगल घातलेला तरुण उतरला आणि म्हणाला, "काका, जरा ती काठी खांद्यावर आडवी घ्या ना, व्हिडिओ काढतो. आणि पायातले बूट काढा, ओरिजिनल वाटत नाही." मी काढले. मला फोटोत चांगलं दिसायची हौस आहे. बूट परत घालेपर्यंत मेंढ्या कुणाच्या तरी कांद्यात शिरल्या होत्या आणि तिथून ज्या शिव्या आल्या त्या मात्र ओरिजिनल होत्या.

रोज संध्याकाळी आईचा फोन.

"साऱ्या हायेत ना?"

"साऱ्या."

"मोजल्या तं नाही ना रे?"

"नाही वं माय."

तिसऱ्या दिवशी मित्र वैतागला. "मोजून घे ना बे एकदाची. म्हातारी तिकडं, आपण इकडं. नजर काय टॉवरवरून येते का?" आम्ही दोघांनी उगाच इकडंतिकडं पाहिलं आणि मोजल्या. त्यानं हिंदीत, मी मराठीत, म्हणजे चूक झाली तर एकाच भाषेत व्हावी. दोघांचा आकडा जुळला. त्या दिवसापासून मी सुधारलेला माणूस झालो. सकाळ-संध्याकाळ मोजायचो. फोनवर आईला "साऱ्या" म्हणताना माझ्या आवाजाला असा काही भरदारपणा यायचा की तिलाही संशय यावा.

घाट उतरून खाली आलो तेव्हा एका शेतकऱ्यानं हाक मारली. आपल्याकडं उन्हाळ्यात मोकळ्या रानात मेंढ्या बसवतात, लेंड्यांचं खत होतं म्हणून. मेंढपाळाला त्याबद्दल धान्य मिळतं. मला अभिमान वाटला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या शेतात नव्हे, त्याच्या शेतात उपयोगी समजत होतं. शेतकरी जवळ आला, आमच्या मेंढ्या पाहिल्या आणि विचारलं, "बाकीच्या मागून येऊन राह्यल्या का?"

"एवढ्याच हायेत."

"एवढ्याच?" तो बराच वेळ हसला. "भाऊ, एवढं खत तं माहा सासरा पाहुणपणाले आला की करून जाते. बसा, बसा. भाकर खाऊन जा."

त्याच्या रानात आधीच एका मेंढपाळाचा मोठा कळप बसला होता. उंच, मुंडासं बांधलेला, कमी बोलणारा गृहस्थ. दिवाळीनंतर आपण सातपुड्याच्या बाजूलाच असतो, असं त्यानं सांगितलं. आमच्या मेंढ्या त्याच्या कळपाशेजारी बसल्या. सकाळी त्यानं जिभेनं कसलासा आवाज काढला आणि त्याचा अख्खा कळप उठून चालू लागला. मीही तसाच आवाज काढून पाहिला. शेतकऱ्याचं कुत्रं आलं.

मी पुन्हा मोजल्या. आकडा बरोब्बर. मित्रानं मोजल्या, बरोब्बर. "पाह्य," मी म्हणालो, "हे शास्त्र." तोही गंभीरपणे "हाव" म्हणाला. पंक्चरवाल्यानं इतका गंभीर चेहरा केला की समजावं, हवा कुठून तरी जाते आहे.

पूर्णा ओलांडली, आणि एका दुपारी ढुंगणापर्यंत दुखणारे पाय घेऊन मी नव्या घराच्या फाटकात उभा राहिलो. आई बाजेवर बसलेली. बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. आईनं माझ्याकडं पाहिलंच नाही. मेंढ्या एकेक करून तिच्यासमोरून आत जात होत्या आणि ती प्रत्येकीला काहीतरी बोलत होती, कुणाला बारीक झाली म्हणून, कुणाला लंगडतीस का म्हणून. मधेच थांबली.

"ही कोण रे?"

एक मेंढी तिच्यापुढं उभी होती. दोन्ही कान शाबूत.

"आपलीच," मी म्हणालो. "माय, साऱ्या बराबर हायेत. मी मोज..." आणि जीभ चावली.

आईनं सावकाश मान वळवली. "मोजल्या."

मित्र फाटकाबाहेर जाऊन बिडी शोधू लागला. तो बिडी ओढत नाही.

"मोजल्या, आन् पाह्यल्या नाही," आई म्हणाली. "लेका, उद्या तुही बायको बदलून दुसरी बसवली तरी तू म्हणशीन, एक होती, एक हाय." बायकोनं तांब्या माझ्या हातात न देता खाली ठेवला.

शेतकऱ्याला फोन लावला, त्यानं मेंढपाळाला. त्याचा निरोप आला की कापल्या कानाची एक त्याच्याकडं आहे, त्याची एक आमच्यात आली असेल. आता तो पार दुसऱ्या बाजूला गेला आहे. दिवाळी झाली की येईल.

आईनं पिशवी भरली. दोन लुगडी, औषधांच्या गोळ्या, चष्मा. मी म्हणालो, "माय, मेंढी मेली थोडीच? हाय ना ते." ती म्हणाली, "अट म्हंजे अट." सकाळची यष्टी होती. सकाळी ती उठली, गोठ्यात गेली आणि परत येऊन बाजेवर बसली.

"ही परक्याची गाभण हाय," ती म्हणाली. "दुसऱ्याची अमानत. तुह्या भरवशावर सोडू? तू तं हिचीही मोजदाद करशीन. माही मेंढी येऊ दे. तिले घेऊनच जाईन."

पिशवी खुंटीला गेली. भरलेलीच, फक्त चष्मा आणि गोळ्या बाहेर.

पाऊस आला, पेरण्या झाल्या. परकी मेंढी व्याली, तर आई दोन दिवस तिच्याजवळून हलली नाही. बायकोशी तिचं रोज भांडण व्हायचं, कधी मिठावरून, कधी कोंबड्यांवरून. पण एक दिवस बायको माहेरच्या कुणाच्या तरी लग्नाला गेली तर आई दुपारी जेवली नाही. विचारलं तर म्हणाली, "भांडायले कोणी नाही, भूक कुठून लागन?" न्हाणीत बायकोनं खरबरीत फरशी बसवून घेतली. आई म्हणाली, "पाय घासते." आणि रोज तिथंच आंघोळ करू लागली. बांधावर तिनं वाल लावले. शेजारच्या बायका तिला सुनांच्या तक्रारी सांगायला येऊ लागल्या आणि ती निवाडे देऊ लागली. पण गावाकडच्या ताकवाल्या शेजारणीला ती फोनवर दर आठवड्याला सांगायची, "मेंढी आली की निघालीच म्हण."

दिवाळी जवळ येऊ लागली तसा मला घाम फुटायला लागला. मेंढपाळाचा एकदा फोन आला, उशीर होईल म्हणून. मी म्हणालो, "भाऊ, काहीच घाई नाही." इतक्या प्रेमानं मी कुणाशीच बोललेलो नाही.

तरी तो आलाच. फाटकातून मुंडासं दिसलं आणि मागून कापल्या कानाची मेंढी. ती थेट आईकडं गेली आणि पदर तोंडात घेतला.

"माय, ही घे तुही," मेंढपाळ म्हणाला.

आईनं मेंढीकडं पाहिलं. मग खुंटीकडं. मग बांधावरच्या वालांकडं, नुकत्या शेंगा धरलेल्या.

"ही माही नाही," आई म्हणाली.

"माय, कान पाह्य ना! हा तुकडा!"

"कानाचं काय सांगतं? माह्या पोराले एका कानानं कमी ऐकू येते, तं तो का मेंढी झाला?"

मेंढपाळानं माझ्याकडं पाहिलं. पदर मेंढीच्या तोंडात निम्मा गेला होता. मी घसा खाकरला. "नाही," मी म्हणालो, "आपली नाही वाटत." आईचं म्हणणं एका झटक्यात पटण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच खेप.

बायको चहा घेऊन दारात आली होती. "मंग आत्याबाई," ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "हिले यांच्यासंगच वापस पाठवू?"

"काऊन?" आई कडाडली. "इतक्या दुरून चालत आली ते! राहू दे. माही आली की पाहू."

मेंढपाळानं चहा प्यायला, आपली मेंढी आणि तिचं पिलू घेतलं, आणि आईच्या पाया पडताना हसू आवरत म्हणाला, "येतो माय. तुही सापडली की सांगतो."

"सांग बापा."

तो गेल्यावर आईनं मेंढीच्या तोंडातून पदर ओढून काढला. "सोड, मेले," म्हणाली. मग खुंटीवरची पिशवी उतरवली, दोन लुगडी कपाटात ठेवली आणि रिकामी पिशवी सुनेच्या हातात दिली, लसूण भरायला. तेवढ्यात फोन वाजला. गावाकडची शेजारीण होती. आईनं फोन कानाला लावला. मेंढीनं पुन्हा पदर धरला होता.

"मेंढी?" आई म्हणाली. "नाही वं बाई. अजून वाटच पाहून राह्यली."