आधी टोपलं, मग हार

ज्याच्या घरी पाण्याचा माठ आहे आणि त्या माठाचं झाकण ज्याने माझ्या मामेसासऱ्यांना उचलताना पाहिलेलं नाही, असा माणूस उभ्या वर्धा जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. त्यांना सगळेच मामाजी म्हणतात, त्यांच्यापेक्षा वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा. मामाजी कुणाकडे पाहुणे म्हणून गेले, की 'पाणी आणू का?' हा प्रश्न यजमानाच्या तोंडून पुरता बाहेर पडायच्या आत ते स्वयंपाकघरात पोचलेले असतात. 'बसा, तुम्ही बसा,' असं घरच्याच माणसांना बजावत ते माठावरचं झाकण उचलतात, गिलास स्वतः बुडवतात, उभ्या उभ्या पितात, गिलास विसळून पालथा घालतात, आणि मग बैठकीत येऊन सगळ्यांना नमस्कार करतात. ओळखपाळख नंतर. एका लग्नघरी स्वयंपाकघरात नवरीला हळद लागत होती, तिथेही ते बायकांच्या घोळक्यातून वाट काढत माठापर्यंत गेले आणि परतताना नवरीला आशीर्वाद देऊन आले. बोरगाव मेघेत त्यांच्या शेजारी एक डॉक्टर राहायला आले. त्यांच्या घरी भिंतीला टांगलेलं पाणी गाळायचं यंत्र होतं. मामाजी आत गेले, उचलायला झाकणच मिळेना, तोटी कुठून दाबायची ते कळेना. बाहेर आले ते तोंड पाडून. "या घरात पानी हाय," घरी परतल्यावर ते म्हणाले, "पन माठ नाई." डॉक्टर आजही मामाजींना स्वभावाने थोडे तुसडे समजतात.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले ते मला पाहायला. आमचं वर्ध्याला किराण्याचं दुकान, मागे घर. बायकोच्या माहेरचे लोक बौद्ध, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या दुकानदार. दोन्हीकडे लग्नाला कुणी नाही म्हटलं नव्हतं, पण हो म्हणतानाही कुणी फार मोठ्याने म्हटलं नव्हतं. अशा वेळी मामाजी एकटेच, न कळवता, भर दुपारी येऊन धडकले. मी खुर्ची पुढे केली तोवर खुर्चीसमोर कुणी नव्हतं. आत माझी आई तांदूळ निवडत बसली होती. परका पुरुष थेट माठापाशी आलेला पाहून ती उठून उभी राहिली. मामाजींनी झाकण उचललं, फळीवरचा गिलास घेतला आणि तिच्याकडे बघत थांबले. मी दारात होतो. आई म्हणाली, "तो गिलास ठेवा. तो बुडातून गळते. हा घ्या." एवढंच. मामाजींनी दुसरा गिलास घेतला, पाणी प्यायले, आणखी एक गिलास प्यायले, बाहेर येऊन माझ्याशी दोन वाक्यं बोलले आणि निघून गेले. त्या संध्याकाळी त्यांनी भाचीला फोनवर निकाल सांगितला: "माय चांगली हाय. पोराचं मंग पाहू."

हे असं अचानक जाऊन धडकणं त्यांच्या नोकरीतून आलं होतं. मामाजी आयुष्यभर एस.टी.च्या लाल गाड्यांवर तिकीट तपासनीस होते. आर्वी, आष्टी, कारंजा, कुठल्याही फाट्यावर हात दाखवून गाडीत चढायचं आणि बेसावध माणसाला गाठायचं, हा त्यांचा धंदा. निवृत्त झाल्यावर गाड्या सुटल्या, तपासणी सुटली नाही. ते भाजीच्या पिशवीत डोकावतात. कुणी आजारी आहे असं कळलं की भेटायला जातात आणि खरंच आजारी आहे का ते पाहतात. त्यांच्या एका भाच्याने परीक्षेला बसल्याचं सांगितलं, तर मामाजी पुलगावच्या परीक्षाकेंद्राबाहेर शेंगदाणे खात उभे. भाचा खरोखरच परीक्षा देऊन बाहेर आला तेव्हा, तो सांगतो, मामाजींचा चेहरा थोडा पडला होता.

पाण्याची सवय मात्र नोकरीतली नव्हे. रोहण्यापासून पुढे आडबाजूला त्यांचं गाव आहे. तिथल्या सार्वजनिक विहिरीवर एके काळी सगळ्यांना पाणी काढता येत नसे. मामाजींच्या आईसारख्या बायका रिकामे गुंड, म्हणजे घागरी, घेऊन खाली उभ्या राहायच्या, आणि कुणाला दया आली तर तो वरून ओतायचा. त्याच गावात दौलतदादा नावाचा एक सुतारकाम करणारा माणूस होता. त्याने एके दिवशी वस्तीतल्या सगळ्यांना बरोबर घेतलं, विहिरीवर नेलं आणि स्वतः दोर सोडला. मार खाल्ला, कोर्टात गेला, पुढे जन्मभर गावोगाव हिंडून हेच करत राहिला. मामाजी त्या दिवशी तिथे होते. इतके लहान, की आईचा पदर धरून. तरीही ही हकिकत ते अशी सांगतात, की मोर्चाची आखणी त्यांनीच केली असावी. फार खोदून विचारलं तर कबूल करतात, "मले इतकंच याद हाय का पानी गढूळ होतं, अन्‌ माय रडून राह्यली होती."

दौलतदादांची पुण्यतिथी वैशाखातल्या उन्हात येते. त्या दिवशी गाव सोडून गेलेली माणसं नागपूर-पुण्याहून परततात. कुणी साहेब झालेला, कुणी वकील, कुणी अजून मजुरी करणारा. विहिरीच्या ओट्यावर दादांचा फोटो ठेवतात. नुसता हार घालून भाषणं करायची पद्धत होती, ती मामाजींनी निवृत्त झाल्या वर्षीच मोडली. आधी काम. विहिरीतला गाळ उपसायचा, पायऱ्या झाडायच्या, शाळेची भिंत रंगवायची, नाली साफ करायची. मग फोटोला फूल. आणि फोटोच्या वाटेवर स्वतः मामाजी उभे. "हात दाखवा." हाताला माती, चुना, रंग, काहीही लागलेलं असलं तरच पुढे सोडायचे. एका बँकेतल्या साहेबांनी चलाखी करून वाटेतल्या कुंडीतली माती बोटांना फासली. मामाजींनी नखं पाहिली आणि त्यांना परत पाठवलं. "विदाउट," ते म्हणाले. त्यांच्या शब्दकोशात याहून मोठी शिवी नाही.

एका वर्षी मोठे पाहुणे आले. पांढरेशुभ्र कपडे, मागेपुढे माणसं, हातात तयार हार. मामाजी आडवे आले. "साहेब, हात." पाहुण्यांना वाटलं हस्तांदोलन आहे, त्यांनी हसून हात पुढे केला. मामाजींनी तो हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि परत केला. "काई लागलं नाई," ते म्हणाले. पाहुणे कसलेले होते. त्यांनी लगेच गाळाचं एक टोपलं डोक्यावर घेतलं आणि बरोबरच्या फोटोवाल्याकडे पाहिलं. मामाजींनी दुसरं टोपलं फोटोवाल्यासमोर सरकवलं. "यानंही उचला लागते. तो काऊन रिकामा?" त्या वर्षी पाहुण्यांचा फोटो पेपरात आला नाही. पुढच्या वर्षी पाहुणेही आले नाहीत.

बरीच वर्षं हे असं चाललं होतं. मग मधल्या एका वर्षी आम्ही सगळे फावडी-टोपली घेऊन विहिरीवर निघालो, तर वाटेवर लोखंडी फाटक, आणि फाटकाला कुलूप. विहीर गावाची, पण तिकडे जाणारी पायवाट शेठच्या वाडीतून जाते. शेठ म्हणजे गावातलं जुनं व्यापारी घराणं. दौलतदादांनी दोर सोडला तेव्हा तो कापणारे याच घरातले. ते शेठ केव्हाच गेले, त्यांचा मुलगाही गेला, त्या मुलाचा नातू नागपूरला असतो. त्यानेच हे फाटक लावलेलं. गावात राहिली होती फक्त नातवाची आजी. म्हणजे जुन्या शेठची सून, पार वाकलेली म्हातारी.

कुलूप पाहून पोरं तापली. कुणी म्हणालं दगड आणा, कुणी म्हणालं पहार आणा. "साठ-सत्तर वर्षांनी पुन्हा तेच!" एक वकील ओरडला. दोघांनी मोबाईल काढून चित्रण सुरू केलं. शेठच्या बाजूचे चारजण पलीकडे येऊन हाताची घडी घालून उभे राहिले. एक दगड पडला असता तर त्या दिवसाची पुण्यतिथी पोलीस चौकीत साजरी झाली असती. सगळे मामाजींकडे पाहू लागले. मामाजी कुलूप हातात घेऊन तपासत होते. मग त्यांनी ते सोडलं आणि मला म्हणाले, "जवाईबापू, चला माह्यासंगं."

आम्ही शेठच्या घरी गेलो. पायरीशी आल्यावर ते थांबले, आणि मला तेव्हा कळलं की ज्या गावात त्यांचा जन्म झाला, त्या गावातल्या या घराच्या आत त्यांचं पाऊल कधीही पडलेलं नाही. छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, बाजेवर शेठाणीबाई बसल्या होत्या. बाकी घर रिकामं. मामाजी बाजेसमोरच्या लाकडी बाकावर बसले. हो, बसले. आत गेले नाहीत. जिल्ह्यातली घरं पालथी घालणारा हा माणूस हात मांड्यांवर ठेवून, शाळेत पहिल्या दिवशी बसवलेल्या पोरासारखा बसून राहिला.

"कोन?" म्हातारीने विचारलं.

मामाजींनी आपल्या आईचं नाव सांगितलं. वडलांचं नाही.

म्हातारीने डोळे बारीक करून पाहिलं. "उन्हाचे आले. पानी घेता का?"

मीच 'हो' म्हणालो.

"मंग तुमच्याच हातानं घ्या लागन, भाऊ," ती म्हणाली. "माह्ये गुडघे गेले. कामवाली लेकीकडे गेली हाय. आत डाव्या हाताले माठ हाय."

मामाजी उठले आणि आत गेले. झाकणाचा आवाज आला. मग बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. मी उगाच म्हातारीला उन्हाबद्दल काहीतरी विचारलं, तिने उगाच काहीतरी उत्तर दिलं. मामाजी बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात दोन गिलास होते. एक त्यांनी तिच्या हातात दिला. दोघं पाणी प्यायले. मला कुणी विचारलं नाही.

गिलास खाली ठेवून म्हातारी म्हणाली, "मी नवी नवरी होती तवा. सासऱ्यानं दोर कापून घरी आनला. फेकला नाई. लय वर्सं आमची गाय त्याच दोरानं बांधत जाय."

मामाजींनी थोडा विचार केला. "गाय दूध देत जाय का?"

"लाथा मारे," शेठाणीबाई म्हणाल्या.

मामाजी हसले. मी त्यांना इतक्या वर्षांत मोठ्याने हसताना फार वेळा पाहिलेलं नाही. तपासनीसाने हसू नये असं त्यांचं मत आहे. म्हातारीही हसली, तिला ठसका लागला, आणि मामाजींनी पुन्हा आत जाऊन पाणी आणलं. या वेळी ते आपल्या घरात गेल्यासारखे गेले. फाटकाचं विचारल्यावर ती म्हणाली की नातवाने गुरं शिरतात म्हणून लावलं, त्याला बिचाऱ्याला यातलं काही ठाऊकही नाही, चाबी खिळ्याला आहे, घेऊन जा आणि परत आणूच नका.

फाटक उघडलं. वकिलाची थोडी निराशा झाली. गाळ निघाला, पायऱ्या धुतल्या, आणि संध्याकाळी वांग्याची भाजी-भात खाऊन माणसं आपापल्या गावांना गेली. नागपूरच्या नातवाला फोन गेला, तेव्हा तो घाबरून दहा वेळा 'सॉरी, काकाजी' म्हणाला. मामाजींनी त्याला पुढच्या वर्षी टोपलं उचलायला बोलावलं. तो येतो. त्याचेही हात तपासले जातात.

त्यानंतर पुण्यतिथीच्या दिवशी मामाजींचा एक नवा नेम झाला. दुपारी ऊन चढलं की हातातलं फावडं ठेवून ते चपला घालायचे आणि शेठाणीबाईंच्या छपरीत जाऊन बसायचे. काय बोलायचे कोण जाणे. एकदा मी बोलवायला गेलो तर त्यांची गुळाच्या चहावरून कडाक्याची भांडाभांड चालली होती. चहात गूळ आधी की मागून, असा काहीसा मुद्दा होता. "येजो मंग, पुढच्या साली सांगतो तुले," म्हातारी त्यांना बजावत होती. बाकी जगाला मामाजी असणारा माणूस तिथे 'तू' झाला होता आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

शेठाणीबाई या हिवाळ्यात गेल्या. मामाजींना खोकला होता, डॉक्टरांनी बाहेर पडू दिलं नाही, त्यामुळे शेवटच्या भेटीला जाता आलं नाही.

वैशाखात आम्ही नेहमीप्रमाणे गावी गेलो. मामाजींना आता टोपलं उचलवत नाही. त्यांनी झाडू घेतला आणि विहिरीच्या ओट्याचा एक कोपरा सकाळभर झाडला. माणसं फुलं घेऊन येत होती, ते हात पाहत होते, सोडत होते. दुपारी ऊन चढलं. त्यांनी झाडू ठेवला, चपला घातल्या आणि वाडीच्या पायवाटेने निघाले. मी हाक मारणार होतो, पण मारली नाही. वळणापर्यंत ते गेले. तिथे कडुलिंबाखाली थांबले. मग हळूहळू परत आले, माझ्या शेजारी ओट्यावर टेकले आणि चपलेतला खडा काढत म्हणाले, "ऊन लय हाय, जवाईबापू. इतल्या उन्हात कोनाच्या घरी जावं?"